पाचवीचा मध

आबा पडवीत बसून पितळेची लहानशी वाटी चिंचेनं घासत होते. मी आतल्या खोलीत बाजेवर पडले होते. कुशीत चार दिवसांची लेक आणि बाजेखाली शेगडी. बाहेर वैशाखाचं ऊन, तरी बाळंतिणीला शेकून काढायचा आमच्याकडचा उत्साह मला नर्स होऊनही थोपवता आला नव्हता. घासण्याचा आवाज मध्येच थांबायचा. तेव्हा आबा वाटी उन्हात धरून बघत असणार आणि मनासारखी दिसली नाही म्हणून पुन्हा चिंच लावत असणार, हे मला पडल्या पडल्या कळत होतं. त्या वाटीला वर्षातून दोन-तीनदाच काम पडायचं, आणि उद्या ते होतं.

उद्या पाचवी होती. कोयनेच्या धरणाचं पाणी लाँचनं ओलांडून आलं की आमचं पिंपरमाळ लागतं. त्या अख्ख्या खोऱ्यात मूल जन्माला आलं की पाचव्या दिवशी दिवेलागणीला माझे वडील, भागोजी सपकाळ, धुतलेला सदरा घालून त्या घरी जायचे. वाटीत मध असायचा. बायकांनी बाळ उंबऱ्यापाशी आणलं की त्यात करंगळी बुडवून ते बाळाच्या ओठांना लावायचे आणि बाळ जीभ काढून चाटलं की बायका हसायच्या. घरी परतल्यावर आबा पडवीच्या तुळईवर चुन्याचा एक ठिपका द्यायचे. चाळीस वर्षांत असे एकशेबारा ठिपके झाले होते. एकशेतेरावा त्यांच्या स्वतःच्या नातीचा होणार होता, आणि मी त्यांची एकुलती एक मुलगी होते.

आबांच्या मधाचा आबांना गर्व होता, तो मी लपवून ठेवणार नाही. हिरड्या-जांभळाखाली त्यांच्या सातेरी माश्यांच्या पंचवीस पेट्या होत्या. माश्यांनी घरं मेणानं बंद केल्याशिवाय ते पोळ्याला हात लावत नसत, कारण उघड्या घरातला मध कच्चा, पाणचट असतो आणि आंबतो. काढलेला मध फडक्यातून गाळायचा, बस्स. त्याला चुलीची धग दाखवायची नाही. एकदा एका पाहुण्यानं थंडीत गोठलेली बाटली गरम पाण्यात बुडवली, तर आबांनी त्याच्याशी वर्षभर बोलणं टाकलं होतं. धग लागली की औषध जातं आणि नुसता गोडवा उरतो, असं त्यांचं म्हणणं.

आणि औषध ते होतंच. खोकल्याला अडुळशाच्या रसात, तोंड आलं तर नुसता, म्हाताऱ्यांना सकाळी कोमट पाण्यात. मी दहा वर्षांची असताना खालच्या वाडीतल्या पारूच्या पायावर उकळतं कालवण सांडलं. मध्ये पाणी, लाँच बंद. आबांनी उकळून वाळवलेल्या फडक्यावर मध लावून तो पाय बांधला, रोज सोडला, रोज बांधला. गरम पाण्याचं भांडं धरायला मी असायची. नवव्या दिवशी पारूला दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी जखम बघून पट्टी कुणी केली ते विचारलं होतं. मी नर्स झाले ती त्या प्रश्नामुळं. आबांकडं बघून डॉक्टरांनी मान डोलावली, तेवढ्यावर मी माझं आयुष्य ठरवून टाकलं.

आता माझं सांगते. साताऱ्यातल्या ज्या प्रसूतिगृहात मी काम करत होते, तिथं घरी जाणाऱ्या प्रत्येक आईला चार गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं होतं. सहा महिने आईचं दूध, दुसरं काही नाही. आणि वर्ष पुरं होईपर्यंत मध नाही, बोटभरसुद्धा नाही. आज्या माझ्याशी भांडायच्या. आमची सगळी मधावर वाढली, म्हणायच्या. मी त्यांना हार जात नसे, माझी जीभ तशी बरी चालते. चार वर्षं मी हे रोज बोलत होते. आणि सुट्टीत पिंपरमाळला आले की आबांच्या मधाबरोबर भाकरी खाऊन, तुळईवरचे नवे ठिपके बघून, गप्प बसून परत जात होते.

वाटीचा आवाज थांबला. मी हाक मारली.

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणूस येत नाही. आबा उंबऱ्याबाहेर बसले. हाताला चिंच लागली होती. त्यांचा चेहरा इतका खुशीत होता की मी बोलणं दोनदा गिळलं. मग एका दमात सांगून टाकलं, की उद्या बाळाला मध चाटवायचा नाही.

"का? आत्या काय बोलली का? ती म्हणंल तूपबी घाला. घालू की."

"आत्या नाही. मी सांगतेय. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, आबा."

त्यांनी हात पंच्याला पुसले. "म्हंजी माज्या मधात खोट हाय म्हणतीस?"

मी नाही म्हणाले. मातीत एक जंतू असतो, त्याचं बी धुळीबरोबर फुलावर बसतं, माशीच्या पायाला लागतं, कितीही चांगल्या मधात असू शकतं, हे सांगितलं. मधात ते वाढत नाही, पण मरतही नाही. मोठ्या माणसाच्या पोटात त्याला थारा मिळत नाही. तान्ह्याच्या पोटात कधीमधी ते रुजतं. मग बाळ गळून जातं, दूध ओढत नाही, रडणं बारीक होतं, श्वाससुद्धा अडतो.

मग आबांनी जे विचारलं ते मला आजही बोचतं.

"आन मध तापवला तर मरतंय का ते?"

ज्या माणसानं कोमट पाण्यापायी पाहुणा तोडला होता, तो हे विचारत होता. मी म्हटलं, चुलीवर तापवूनही नाही मरत.

"कितीक पोरास्नी हुतं?"

"फार कमी. लाखात एखाद्याला."

"मी एकशेबारा चाटवली. एकालाबी काय झालं न्हाई."

"होय आबा. नाही झालं. पण लाखातलं ते एक कुठलं, ते आधी कळत नाही."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, संपलं. इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. पण ते उठता उठता थांबले.

"तुला कवापासनं ठावं हाय ह्ये?"

मी खोटं बोलू शकले असते. पण कुशीत लेक होती. मी म्हटलं, चार वर्षांपासून.

आबांनी वर तुळईकडं पाहिलं. शेवटचे ठिपके अजून पांढरेशुभ्र होते. त्यांचे ओठ हलत होते, ते नावं मोजत होते.

"नऊ पोरं," ते म्हणाले. "चार वरसांत नऊ. तवा का बोलली न्हाईस, शालन?"

तुम्हाला वाईट वाटलं असतं, हे काही उत्तर नव्हे. ज्या तोंडानं मी परक्या आज्यांना गप्प करत होते त्या तोंडाला घरी कुलूप होतं, आणि त्याची मला त्या क्षणी जेवढी लाज वाटली तेवढी पुन्हा कधी वाटली नाही. आबा पायताण घालून निघून गेले. जेवायला आले नाहीत.

दुपारी घरात वादळ झालं ते बायजाआत्याचं. आबांची ही थोरली बहीण. तिला मूलबाळ नव्हतं, पण खोऱ्यातल्या प्रत्येक बाळाची पाचवी ती मांडायची. लहानपणी माश्यांची पोळी कड्यावरून काढताना धूर धरायला तीच असायची, त्यामुळं माश्यांच्या बाबतीत ती आबांनाही शिकवायची. आईनं तिला सगळं सांगितलं. आत्या खोलीत आली आणि माझं बोलणं ऐकूनही घेतलं नाही.

"माझा भाऊ चाळीस वरसं सदरा घालून मानानं गेला लोकांच्या दारात. आन उद्या सोताच्या घरात त्याची वाटी पालथी घालतीस? तो न्हाई चाटवणार तर मी चाटवीन."

मी लेकीला आणखी जवळ ओढलं आणि म्हटलं, माझ्या पोरीच्या तोंडाला कुणीही बोट लावायचं नाही. आई दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. माझी बाजू घ्यावी की नवऱ्याची, हे तिला ठरवता येत नव्हतं. मी तिला दोष देत नाही. माझी बाजू घेतल्याबरोबर तिला आपल्या नवऱ्याचे एकशेबारा ठिपके पुसावे लागणार होते.

ऊन कलल्यावर आबा आले. पाय धुळीनं भरले होते आणि एक पापणी माशी डसून सुजली होती. आबांना माश्या सहसा डसत नसत. ते पुन्हा उंबऱ्याबाहेर बसले.

"रडणं खणखणीत आसंल तर पोर बरं आसतं ना?" त्यांनी विचारलं.

"हो. आणि दूध जोरानं ओढत असेल तर."

"मग रंजनाचं पोर बरं हाय."

मग कळलं. खालच्या वाडीच्या रंजनाला अकरा दिवसांपूर्वी मुलगा झाला होता, आणि सहा दिवसांपूर्वी आबा तिथं वाटी घेऊन गेले होते. दुपारच्या उन्हात ते दोन डोंगर उतरून तिच्या ओसरीवर जाऊन बसले होते. कशाला आलो ते तिच्या सासऱ्याला सांगितलं होतं, आडपडदा न ठेवता. रंजनाच्या सासूनं आतून येऊन सांगितलं की पोर नीट पितंय. तरी आबा उठले नाहीत. पोर जागं होऊन भोकाड पसरेपर्यंत ते ओसरीवर बसून राहिले. महिनाभर लक्ष ठेवा, पोर जरा जरी सुस्तावलं तर वाट न बघता साताऱ्याला न्या, असं बजावून मगच निघाले.

"आणि पापणी?" मी विचारलं.

"येताना पेटी उघडली. जाळी घालायची ऱ्हायली," म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. पेटी कशाला उघडली ते बोलले नाहीत. भलत्या वेळी पेटी उघडायची नाही, हा त्यांचाच नियम होता.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीआधी पंधरा-वीस बायका जमल्या. बायजाआत्यानं पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, सटवाईनं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवली. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. सगळ्यांना काही ना काही कळलेलं होतं. पिंपरमाळला बातमीला लाँच लागत नाही. पूजा झाली आणि बायकांच्या नजरा पडवीच्या दाराकडं वळल्या. मी लेकीला पदराखाली घेऊन बसले होते. आबा आलेच नाहीत तर माझ्यामुळं त्यांचं तोंड खाली झालं, आणि वाटी घेऊन आले तर चारचौघींत मला त्यांचा हात धरावा लागणार. यातलं कुठलं जास्त वाईट, याचाच मी विचार करत होते.

आबा आले. धुतलेला सदरा होता. एका हातात मध भरलेली वाटी आणि दुसऱ्या हातात पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी. दारात बसून त्यांनी वाटी खाली ठेवली आणि पंचा सोडला. आत पेटीतली लाकडी चौकट होती, पोळ्यासकट. माश्या त्यांनी झटकून काढल्या होत्या, दोन-तीन उरल्या होत्या त्या पोळ्यावर फिरत होत्या. बायका जरा मागं सरकल्या.

"अक्का, हिकडं ये," त्यांनी आत्याला बोलावलं. "दिवा धर. ह्या घरात काय हाय?"

आत्या नाराजीनं उठली, पण माश्यांचं काम निघालं की तिला राहवत नसे. तिनं समई उचलून चौकटीजवळ नेली. "पिलावा हाय. आळी. आज-काल फुटल्याली."

"तिच्या अंगाभवती पांढरं काय हाय?"

"दूध. माशीचं."

"मध न्हाई?"

"मध वरच्या पट्टीत न्हाई का? मेण लावल्याला. तुला काय दिसंना झालं का?"

"व्हय, दिसत नव्हतं," आबा म्हणाले. त्यांनी चौकट बायकांकडं फिरवली. वरच्या कडेला मधाची बंद घरं होती, त्यांच्या खाली उघड्या घरांत इवल्याशा पांढऱ्या अळ्या, दुधात वेटोळं करून पडलेल्या. मध आणि पिल्लू यांच्यात आबांनी आपली करंगळी आडवी धरली. तेवढंच अंतर होतं.

"बोटभर अंतरावर मध हाय. तिनंच गोळा केल्याला, तिचाच. तरी पयलं तीन दिस माशी आपल्या पिल्लाला त्यो देत न्हाई. निस्तं दूध देती. मध मागनं, पोर जरा जून झाल्यावर. चाळीस वरसं ही चौकट हातात धरतुय मी. काल पेटी उघडली तवा पयल्यांदा बगितली."

मग आबांनी माझ्याकडून कळलं तेही सांगितलं, जंतूचं, गळून जाणाऱ्या बाळाचं, सगळं. मी सांगितलं होतं त्यापेक्षा सोप्या भाषेत आणि स्वतःला न वाचवता. एकशेबारा पोरं देवानं राखली, म्हणाले, मी न्हाई. रीत माझी होती, ती मीच मोडतो. उद्यापासनं कुणाच्या घरी कुणी मध चाटवला तर तो भागोजीच्या नावावर चाटवू नका.

मग त्यांनी वाटी उचलली आणि आयुष्यात पहिल्यांदा बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा ओलांडला. माझ्यापुढं बसले. चमचाभर मध माझ्या तळहातावर ओतला.

"ह्यो तुजा. रगत तुजं गेलंय, जागरण तुला हाय, मध तुलाच लागतुय. तू खा, आन तिला दूध दे. तिचा ठिपका वरसानं देऊ."

मी तळहात चाटला. जांभळाच्या मधाला गोडामागून एक तुरटपणा येतो, तो घशात उतरला आणि मी रडायला लागले. चार वर्षं गप्प राहिल्याबद्दल मला माफी मागायची होती, ती मागता आली नाही. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि घाईनं उठले, कारण चौकट फार वेळ बाहेर राहिली तर पिल्लं गारठतात.

बायजाआत्या समई धरून तशीच उभी होती. जरा वेळानं तिनं समई जागेवर ठेवली, वाटीत बोट बुडवलं आणि शेजारी बसलेल्या, पोटुशी असलेल्या सुनंदाच्या तोंडाला लावलं. "तूबी खा. तुजी पाचवी म्हयन्यावर आलीया," म्हणाली. माझ्याशी ती त्यानंतर आठवडाभर बोलली नाही, पण रोज सकाळी मधाचा चमचा घेऊन तीच यायची.

पुढच्या महिन्यात आबा खोऱ्यातल्या ज्या ज्या घरी बाई पोटुशी होती तिथं जाऊन आले. जिथं चालत जाता येत नव्हतं तिथं लाँचनं गेले. ती नऊ पोरंही बघून आले, त्यातली सात तर अंगणात पळत होती. काही घरांत लोक त्यांना हसले. म्हातारपणी लेकीनं शिकवलं, म्हणाले. आबा म्हणायचे, व्हय, लेकीनं आन माशीनं.

वर्षानं ते साताऱ्याला माझ्या घरी आले, सदरा घालून, वाटी आणि माझ्या लेकीच्या जन्माच्या मोसमातल्या जांभळाच्या मधाची बाटली घेऊन. मध खाली साखरेसारखा बसला होता. तो गरम करायचं नाव मी काढलं नाही. माझी लेक जान्हवी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी जन्मली होती. आबा आले नऊला. दोन तास ते भिंतीवरच्या घड्याळासमोर खुर्ची मांडून बसले, आणि जान्हवी त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहायची, वाटीकडं हात करायची, तरी ते हलले नाहीत. माझा नवरा हसून म्हणाला, मामा, दोन तासांनी काय होतंय. आबांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो चहा करायला गेला. अकरा-दहाला त्यांनी करंगळी बुडवली. जान्हवीनं ती चाटली नाही, चावली. तिला चार दात होते. आबा बोट झाडत इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आबा जाऊन आता सहा वर्षं झाली. गेल्या वैशाखात खोऱ्यात लसीकरणाला गेले होते, तेव्हा पलीकडच्या काठावरच्या एका वाडीत एका घरी पाचवी होती. बाळंतीण वीस-बावीस वर्षांची, लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यातून आलेली. मला ओळखत नव्हती. मी नेहमीप्रमाणं तिला विचारलं, बाळाला मधबिध चाटवला नाही ना?

ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मलाच काही ठाऊक नाही.

"न्हाई हो बाई. पाचवीचा मध आईला आसतो, आन लेकराला पयल्या वाढदिसाला. आमच्या खोऱ्यात पयल्यापासनं अशीच रीत हाय."

"कुणी घातली ही रीत?" मी विचारलं.

"कुनास ठावं," ती म्हणाली. "लई जुनी हाय."

तिची सासू मध भरलेली पितळेची वाटी आणि चमचा घेऊन आत आली. वाटी चिंचेनं घासून लख्ख केलेली होती. सासूच्या हातातून मी चमचा मागून घेतला, मध त्या पोरीच्या तळहातावर ओतला, आणि म्हटलं, खा.